कोळ्याचं वकीलपत्र

आमच्या बाथरूममध्ये एक कोळी राहायचा. तळहाताएवढा, चपटा, करड्या रंगाचा, जाळंबिळं न विणता भिंतीवर पाय पसरून बसणारा. घरात तो माझ्या बाजूचा समजला जाई. "तुमचा पाव्हणा आज आरशामागं बसून राहिला, दाढी करताना सांभाळून," असं बायको सकाळी चहा ठेवता ठेवता सांगायची. त्याला मारायचं नाही, असा मी फतवा काढला होता. तो झुरळं खातो आणि कुणाच्या वाटेला जात नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावर ती म्हणायची, "माह्या तर रोजच वाटेत असते."

मी रायपूरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, हिंदीतून. वडील विदर्भातून सरकारी नोकरीवर इकडे आले, मी इथल्या तात्यापाऱ्यातच वाढलो (पारा म्हणजे इकडे मोहल्ला), आणि माझ्या स्वभावात लहानपणापासून एक खोड आहे. समोरचा चुकीचं बोलला की मला राहवत नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठंही. बायको अशा वेळी माझ्या शर्टाची बाही मागून ओढते. तेवढ्यानं मी थांबलो असं फारसं कधी झालं नाही.

वर्गात माझा एक तास खास असतो. फळ्यावर मी धोतऱ्याचं बोंड काढतो आणि शेजारी नाग काढतो. धोतरा तुमच्या अंगावर धावून येत नाही, मी सांगतो. त्याचं बी तुम्ही खाल्लंत तरच ते बाधतं. नागाला मात्र दात रोवून आपलं विष तुमच्या रक्तात सोडावं लागतं. एक विष आपण पोटात घेतो, दुसरं कुणीतरी आपल्याला टोचतं, ही दोन निरनिराळी हत्यारं आहेत. मग मी कोळ्यावर येतो. विष जवळपास प्रत्येक कोळ्याजवळ असतं, पण ते किड्यामुंग्यांच्या मापाचं. माणसाला खरोखर अपाय करणारे फार थोडे, आणि त्यांनाही चावावंच लागतं. "मूत के ज़हर देने वाला जानवर मैंने आज तक नहीं देखा," असं मी म्हणालो की वर्ग खिदळतो. ही माझी हुकमी जागा होती.

हे वाक्य उगीच नव्हतं. आमच्याकडे चेहऱ्यावर, मानेवर जळजळणारे फोड उठले की लोक म्हणतात, मकडी मुतली. छत्तीसगढीत मेकरा. उपायही ठरलेला आहे. आमचूर, म्हणजे वाळलेल्या कैरीची पूड, पाण्यात कालवून त्याचा लेप द्यायचा. पाऱ्यात कुणाच्या ना कुणाच्या गालावर तो मातकट लेप दिसायचाच आणि दिसला की माझा दिवस सत्कारणी लागायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी बायकोनं सज्ज्यावरचे डबे खाली काढले. डोक्याला ओढणी गुंडाळून दोन दिवस ती जळमटं झाडत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, कपाळ दुखतंय, डाव्या बाजूचं. "केसाले हात लावला तरी आग होऊन राहिली." मी म्हटलं, ओढणी घट्ट बांधली असेल. शनिवारी सकाळी तिच्या डाव्या कपाळावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठला होता, भुवईपासून केसांत शिरलेला.

आमच्या गॅलरीसमोर एक शेजारीण राहते. साठीच्या पुढची, छत्तीसगढी, बायकोला दीदी म्हणणारी आणि मला सर. तिनं फोड पाहिले, झाडलेल्या जळमटांचा ढीग पाहिला आणि निकाल देऊन टाकला. "मेकरा मूत दे हे, दीदी." दहा मिनिटांत ती वाटीत आमचूर कालवून घेऊन आली. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बायको खुर्चीवर डोळे मिटून बसलेली आणि कपाळावर लेप.

मला राग आला. बायकोवर आला, कारण माझ्याबरोबर तीस वर्षं काढून तिनं हे करावं. आणि खरं सांगायचं तर माझ्या कोळ्यावर आळ आला होता. मी शेजारणीला तिथंच नाग आणि धोतरा सांगायला सुरुवात केली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हव सर, फेर जलत तो हे." म्हणजे ते सगळं ठीक, पण आग तर होतेय. त्यावर मी आणखी जोरात बोललो.

रविवारी सकाळी मी प्रयोग केला. आज लिहितानाही लाज वाटते, पण त्या दिवशी मी भलताच खुशीत होतो. बाथरूममधून कोळ्याला काचेच्या पेल्यात पकडलं, गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आणि तो पेला माझ्या हातावर उपडा घातला. शेजारीण होती, तिची सून होती, खालच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड बाबू वर आले होते. कोळी माझ्या कातडीवर फिरत होता, मध्येच काचेवर चढत होता. मी एका हातानं चहा पीत भाषण देत होतो. अर्धा तास झाला. पेला उचलला, कोळ्याला बाथरूममध्ये सोडून आलो आणि हात सगळ्यांना दाखवला. पेल्याच्या काठाचा गोल वळ होता, बाकी काही नाही. "बताइए, कहाँ मूता?"

सगळे हसले. बायकोही हसली. हसताना तिनं डावा हात कपाळावर धरला होता.

शेजारीणही हसली, पण तिची नजर बायकोच्या तोंडावर होती. जवळ जाऊन तिनं हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला. "नाक मं घलो निकल गे हे," ती म्हणाली. नाकाच्या शेंड्यावर, डाव्या अंगाला, एक फोड होता. मी तो सकाळीच पाहिला होता. "आँखी ला देखा ले, दीदी. मेकरा होय के झन होय, डाक्टर ला देखा ले." कोळी असो वा नसो, डोळा दाखवून घे, एवढंच ती सांगत होती.

मी म्हटलं, आता हरल्यावर डॉक्टर आठवला. पुन्हा हशा झाला.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, डोळ्यात टोचून राहिलं. उद्या हाफ डे घेते, दाखवून येऊ का?"

मी पेपर तपासत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "आमचूर गेलं असेल डोळ्यात. आंबट असतं ते, झोंबणारच. स्वच्छ धुऊन टाक. काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि जाऊन धुऊन आली.

हे मी शंभर वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. ती विचारायला आली होती, भांडायला नव्हे. शंकर नगरच्या ऑफिसला ती स्वतःच्या स्कूटीनं जायची. वाटेत दवाखान्यात थांबायला तिला माझी गरज नव्हती. पण विज्ञानाच्या गोष्टीत या घरात माझा शब्द चालत असे आणि तो शब्द मी पेपरातून मान वर न काढता देऊन टाकला. सोमवारी ती ऑफिसला गेली. मंगळवारी पापणी सुजली. बुधवारी सकाळी डोळा उघडेना आणि बोटानं पापणी वर केली तर आत लालभडक होतं. मग मी शाळेत फोन केला.

डोळ्यांची डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची होती. तिनं बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ये तो हर्पीज़ है."

नागीण. आमच्या विदर्भातल्या प्रत्येक घरात नागीण माहीत असते. माझ्या आजोळी एकाला झाली होती. ती कमरेला होते, वेटोळं घालत जाते, तोंडाला शेपूट मिळाली की माणूस संपला, असं बायका कुजबुजत सांगायच्या. त्या गोष्टीची मी वर्गात टिंगल करत असे आणि मग खरं कारण सांगत असे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं निजून राहतो आणि कधीतरी एका तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. हे मी शिकवतो. फळ्यावर काढून दाखवतो. पण ती कपाळावर येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. टिंगल करता करता मीही नागिणीला कमरेलाच बांधून ठेवली होती.

डॉक्टरनं मला जवळ बोलावलं. "आप तो बायोलॉजी पढ़ाते हैं ना, ये देखिए." फोड कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबले होते. एकही उजवीकडे गेलेला नव्हता. डाव्या बाजूच्या तंतूचा मुलूख तिथं संपतो. पाच दिवस मी ते कपाळ पाहत होतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळा धोक्यात, असं तिनं पुढं सांगितलं. नाकाच्या टोकाला आणि डोळ्याला एकाच तंतूच्या फांद्या जातात. शेजारणीला तंतू माहीत नव्हता. तिनं नुसता फोड पाहिला होता.

"औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर फार फरक पडतो," असं ती हिंदीत म्हणाली आणि लिहिता लिहिता विचारलं, "इतने दिन क्यों रुके? किसी ने मकड़ी बताया होगा, अमचूर लगाते रहे होंगे?" रोज कुणाला तरी विचारावा लागणारा प्रश्न असावा, तसा तिचा आवाज होता. चिडलेला नव्हता, थकलेला होता.

मी म्हणालो, "हाँ."

खोलीत आम्ही तिघंच होतो. बायको खुर्चीत बसली होती. तिनं उजवा डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. मला वाटलं, आता ती बोलेल. डॉक्टरनं मान हलवली, "लोग भी ना," म्हणाली आणि औषधं लिहून दिली.

फोड सुकले. कपाळावरचे डाग आता पावडरनं झाकतात. डोळ्याच्या काळ्या भागावर मात्र दुधाच्या सायीसारखा एक पांढरा डाग राहिला. आणि एक दिवस तपासणीत डॉक्टरनं कापसाची बारीक वात करून तिच्या त्या बुबुळाला लावली. मी बाजूला उभा होतो, माझीच पापणी मिटली. बायको तशीच समोर पाहत होती.

"कुछ लगा?"

"काय?" बायकोनं मला विचारलं.

डोळ्याची संवेदना गेली होती. असा डोळा जपावा लागतो, कारण त्यात कचरा गेला, जखम झाली तरी माणसाला कळत नाही. रोज कुणीतरी टॉर्च लावून पाहायला हवं आणि दिवसातून चार वेळा थेंब. ते काम मी घेतलं. ती मान मागं टाकते, मी पापणी ओढून थेंब टाकतो आणि ती विचारते, "पडला का?" मी सांगतो, पडला. स्कूटी तिनं विकायला काढली नाही, गच्चीखाली झाकून ठेवली आहे. ऑफिसला मीच सोडतो. मागं बसल्यावर आधी ती खूप बोलायची. आता गर्दीचा आवाज असतो, ऐकू येत नाही, असं आम्ही दोघंही धरून चालतो.

त्याच दिवशी, कापसाच्या तपासणीवरून घरी आल्यावर, मी हात धुवायला बाथरूममध्ये गेलो. कोळी बेसिनच्या वर बसला होता. माझ्या अंगात काय शिरलं कळत नाही, मी पायातली चप्पल काढली आणि हात उगारला. मागून बायकोचा आवाज आला.

"त्याले काहून मारता? त्यानं काय केलं?"

एवढंच. या विषयावर ती माझ्याशी जे काही बोलली ते एवढंच. मी चप्पल खाली ठेवली. त्यानंतर कितीदा तोंड उघडलं, माफी मागावी म्हणून. दर वेळी ती काहीतरी काम काढून उठली. एकदा तर भाजी पुरेशी आहे का बघते म्हणून उठली आणि बराच वेळ फ्रिज उघडून उभी राहिली.

शाळेत धोतऱ्याचा आणि नागाचा तास आला. मी फळ्यावर चित्रं काढली, पण कोळ्यावर गेलोच नाही. तास संपत आला तशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, किसी ने भरोसे में खिला दिया तो? वो किसमें आएगा?" वर्ग हसला. खरं म्हणजे उत्तर सोपं होतं. पोटातून गेलं ते पोटातलंच विष, देणारा कुणी का असेना. मी म्हणालो, हे परीक्षेला येणार नाही, आणि फळा पुसला.

संक्रांतीला पाऱ्यातल्या मराठी बायका हळदीकुंकवाला आल्या. मी आतल्या खोलीत होतो. कुणीतरी विचारलं, डोळ्याला काय झालं हो? बायको म्हणाली, "काही नाही, दिवाळीत जाळे काढताना मकडी पडली अंगावर." सहज, वाण देता देता. मग प्रत्येकीनं आपापली मकडी सांगितली. कुणाचा भाचा, कुणाची जाऊ. कुणीतरी म्हणालं, सर तर म्हणायचे मकडीनं काही होत नाही. बायको म्हणाली, "म्हणाले तेवढं खरं. बरं, तीळ घ्या अजून." मी भिंतीपलीकडे बसून ऐकत होतो. उठून बाहेर जावं आणि म्हणावं, मकडी नव्हती, नागीण होती आणि उशीर मी केला. दोन वाक्यं होती. आयुष्यभर परक्यांना चूक दाखवत फिरलेला मी, त्या दोन वाक्यांसाठी पलंगावरून उठू शकलो नाही.

शेजारणीला तर मी तोंडच दाखवत नव्हतो. तिला वाटतं, तिचं आमचूर कमी पडलं. मला पाहिलं की ती नजर खाली घालते. घालायची माझी पाळी आहे, पण ती आधी घालते. पाऱ्यात आता आमच्या घराचा दाखला देतात. मेकरा काय करू शकतो ते सरच्या घरी जाऊन पाहा.

होळीला मुलगी आली. बंगळुरूला नोकरी करते. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर हिंदीत देते. फोनवर आम्ही तिला नुसतं डोळे आलेत म्हणून सांगितलं होतं. लहानपणी ही मुलगी कोळी हातावर घेऊन शाळेत गेली होती आणि तिच्या बाईंना तिनं नाग आणि धोतरा समजावून सांगितला होता. मला त्याचा केवढा अभिमान होता, ते मी अजून लोकांना सांगत असे.

दुपारी मी बायकोला थेंब टाकत होतो. खिडकीच्या उजेडात मुलीनं तो पांढरा डाग पहिल्यांदा नीट पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"मम्मी, ये क्या है? ये कैसे हुआ?"

"मकडी मुतली होती."

मुलगी माझ्याकडे वळली. "पापा, आप तो कहते थे मकड़ी से कुछ नहीं होता."

बायकोची मान मागं टाकलेली होती. ती तशीच माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट पाहत होती. इतके महिने ती गोष्ट तिनं माझ्यावर पांघरली होती, पण लोकांपुरती. ही आमची मुलगी होती, तिच्यापुढे मी स्वतःहून पांघरूण काढावं, एवढंच तिला हवं होतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. माझ्या हातात थेंबाची बाटली होती. मी म्हणालो, "कधी कधी होतं, बेटा. सगळंच पुस्तकात नसतं."

मुलगी उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि बाथरूमकडे गेली. दार उघडल्याचा आवाज आला. भिंतीवर झाडू आपटल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा, मग नळ.

बायकोनं मान सरळ केली. माझ्या हातातून बाटली काढून घेतली, झाकण लावलं.

"उद्यापासून थेंब मीच टाकते," ती म्हणाली.

तेव्हापासून ती बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून टाकते. थेंब डोळ्यात पडला की नाही, तिला कळत नाही. बाहेर येते तेव्हा कित्येकदा गाल ओला असतो. मी दाराबाहेर टॉर्च घेऊन उभा असतो आणि ती बाजूनं निघून जाते.